वारसाचा रकाना

30 जून 2025 रोजी आमच्या घरातला पालिकेचा झाडू खाली ठेवला गेला. तीन पिढ्यांनी तो धरला होता. आजोबा सातारा जिल्ह्यातल्या गावाहून शहरात आले आणि झाडूखात्यात लागले. ते नोकरीतच वारले. त्यांच्या जागी वडील लागले. वडीलही 1993 साली नोकरीतच गेले, तेव्हा त्यांचे वय 49 होते. त्यांच्या जागी 1994 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आमच्यातला एक लागला. आमच्या घरात पुरुषाने स्वतःच्या हाताने पेन्शन घेतली असे कधी घडलेच नव्हते. पेन्शन घ्यायची ती विधवांनी. यंदा पहिल्यांदा ते बदलले, तेही नियत वय येण्याच्या चार वर्षे आधी. म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे नवराबायको. पेन एकाच्या हातात असला तरी हिशेब दोघांचा आहे. जिथे आमचे दोघांचे जमले नाही, तिथे तसे स्पष्ट सांगू.

निवृत्तीचे सांगायचे तर आधी कर्जाचे सांगितले पाहिजे. आपल्या वसाहतींत कर्ज कुणाला नाही? पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. दारूबद्दल बोलतात, पोरांच्या मार्कांबद्दल बोलतात, कर्जाचा विषय निघाला की चहा येतो आणि बोलणे बदलते. आम्हीही बावीस वर्षे असेच केले.

2016 साली बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या धम्मदीक्षेला 60 वर्षे पूर्ण होत होती. वसाहतीतून दीक्षाभूमीला जायला बस ठरली. माणशी वर्गणी निघाली. घरात आम्ही चौघे होतो, म्हातारी आई, आम्ही दोघे आणि मुलगा. चौघांचे पैसे भरणे आम्हाला झेपले नाही. आम्ही मंडळींना सांगितले की आईला प्रवास सोसत नाही. आई दारात बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण रात्री जेवताना म्हणाली, "माझ्या नावावर खोटं कशाला बोलता? पैसे न्हाईत म्हणून सांगायचं." पंचशीलातले चौथे शील आम्ही रोज विहारात म्हणतो. त्या दिवशी ते आमच्या घरात मोडले आणि ते कर्जाने मोडायला लावले.

त्याच वर्षावासात विहारात भंतेजींनी अंगुत्तर निकायातला एक उपदेश समजावून सांगितला होता. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. कष्टाने आणि सचोटीने मिळवलेले धन जवळ असण्याचे सुख, त्याचा उपभोग घेण्याचे आणि दान करण्याचे सुख, कुणाचे थोडे किंवा फार काहीच देणे नसण्याचे सुख, आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असण्याचे सुख. तिसऱ्याला अनणसुख म्हणतात. अनण म्हणजे ऋण नसलेला. याच निकायात दुसरीकडे तथागतांनी दारिद्र्याची साखळी सांगितली आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून माणसाच्या मागे लागणे आणि शेवटी बंधन. ऐकताना आम्हाला आमची हजेरीची चौकीच दिसली. पगाराच्या दिवशी चौकीबाहेर उभी असणारी माणसे दिसली.

नागपूरची बस गेली त्या रात्री आम्ही मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर सगळे देणे लिहून काढले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. पतपेढीचे कर्ज 2,40,000. बदलापूरच्या खोलीसाठी काढलेल्या घरकर्जाचे 4,10,000. सावकाराचे 60,000. सोनाराकडे गहाण असलेल्या दागिन्यांवर 35,000. नातेवाइकांचे हातउसने 30,000. बेरीज 7,75,000. बेरीज दोनदा केली. दोन्ही वेळा तीच आली.

हे कर्ज कशाचे होते? आईच्या ऑपरेशनचे काही होते. एका सोबत्याला जामीन राहिलो होतो, तो वारला आणि त्याचे हप्ते आमच्या पगारातून कापले गेले. खोलीचे कर्ज गरजेचे होते, कारण आम्ही राहतो ती पालिकेची खोली नोकरी आहे तोवरच आपली असते. पण सावकाराचे 60,000 थोरल्या मुलीच्या लग्नाचे होते, आणि ते गरजेचे नव्हते. बौद्ध विवाहाला काय लागते? भगवान बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, फुले, पांढरी वस्त्रे आणि त्रिशरण-पंचशील. विधी अर्ध्या तासाचा. आम्ही विधी बौद्ध पद्धतीने केला आणि बाकी सगळे जुन्या पाटलाला लाजवील असे केले. हॉल, डीजे, सातशे पाने. मुलगी नर्सिंगचा कोर्स झालेली, तीच म्हणाली होती, "एवढं नको." आम्ही ऐकले नाही. चारचौघांत मान खाली जाईल याची भीती वाटली.

त्या 60,000 ला शेकडा 10 रुपये महिना व्याज होते. म्हणजे महिन्याला 6,000 आणि वर्षाला 72,000. ए.टी.एम. कार्ड आणि त्याचा नंबर सावकाराकडे. पगार झाला की तो आपले 6,000 काढून घ्यायचा आणि मग कार्ड संध्याकाळपुरते आमच्याकडे. नोव्हेंबर 2014 पासून बावीस महिने झाले होते. 1,32,000 रुपये व्याज गेले होते आणि मुद्दल 60,000 च्या 60,000 उभे होते. पगार 27,000 च्या आसपास. पतपेढी आणि इतर कपात 11,000. सावकार 6,000. खोलीचा हप्ता 5,000. हातात राहायचे 5,000. बायको दोन घरची धुणीभांडी करून 4,000 आणायची. त्या 9,000 वर चौघांचे घर.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, चौथा संकटासाठी राखून. आमचे दोन भाग धंद्यातच जात होते, पण धंदा सावकाराचा होता.

ही यादी काही सोबत्यांना सांगितली तेव्हा एक सल्ला सगळ्यांनी दिला. मुलगा अठरा वर्षांचा झालाय, बारावी पास आहे. तुमची वीस वर्षे सेवा झाली आहे. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाका. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगार निवृत्त झाला, त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा तो वारला, तर त्याच्या वारसाला नोकरी मिळते. मुलाला लावा. ग्रॅच्युइटी आणि फंडातून कर्ज फेडा. खोलीही राहील. एका दगडात तीन पक्षी.

इथे आम्ही 'आम्ही' राहिलो नाही. बायकोचे म्हणणे, यात वाईट काय आहे? कायमची नोकरी आहे, पेन्शन नसली तरी पगार वेळेवर आहे. शिकून कोण कुठे लागलाय? बाहेर दहा-बारा हजारांवर पोरे ठेकेदाराकडे राबतात. डोक्यावरचे छप्पर जाणार नाही. नवऱ्याचे म्हणणे, माझ्या बापाच्या प्रेतावरून मी या नोकरीत आलो. तेव्हा घरात कर्ज होते म्हणूनच आलो. बारावीनंतर मला पुढे शिकायचे होते, कुणी विचारले नाही. आता मीच पोराला विचारायचे नाही का?

बाबासाहेबांनी 1930 च्या दशकात मुंबईतल्या पालिका कामगारांची संघटना उभी केली. त्यांनी झाडूवाल्याला कधी हीन मानले नाही. पण भंगीकाम हे पवित्र सेवा आहे, ते पिढ्यान् पिढ्या करावे, या गांधीवादी शिकवणुकीवर त्यांनी 1945 सालच्या आपल्या ग्रंथात कठोर टीका केली. कामाला त्यांचा विरोध नव्हता. जन्माने काम ठरण्याला होता. आमच्या दृष्टीने प्रश्न हाच होता. जातीने झाडू हातात दिला ते एक. पण आज जर कर्ज झाडू हातात देत असेल, तर फरक काय झाला?

दोन रात्री भांडण झाले. शेवटी आई म्हणाली, "पोराला इचारा. आन् इचारायच्या आधी सावकाराला घराभाईर काढा. तोवर पोरगं खरं बोलायचं न्हाई." म्हातारीला आमच्यापेक्षा जास्त कळत होते.

तेव्हा ठरले, आधी सावकार. युनियनच्या कार्यालयात कायद्याची माहिती असलेले एक कार्यकर्ते आहेत. त्यांनी सांगितले की महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे. व्याजाचे दर सरकारने ठरवले आहेत, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते. म्हणजे 60,000 वर आम्ही दिलेले 1,32,000 हे मुद्दल आणि कायद्यातले जास्तीत जास्त व्याज दोन्ही मिळून होतात त्याहूनही 12,000 नी जास्त होते. आम्हाला हे ठाऊकच नव्हते. ते कार्यकर्ते आमच्याबरोबर सावकाराकडे आले. आवाज चढला नाही. कायद्याचे नाव निघाल्यावर तो नरमला. 30,000 वर मिटले आणि कार्ड परत मिळाले. बँकेत जाऊन त्याचा नंबर बदलला. वसाहतीत रोज तोंड बघायचे असल्याने आम्ही तक्रार केली नाही. ती करायला हवी होती, असे आज वाटते, कारण तो माणूस नंतर दुसऱ्या घरात गेला.

ते 30,000 पतपेढीतून आकस्मिक कर्ज काढून दिले. कर्ज फेडायला कर्ज, असे कुणी म्हणेल. पण पतपेढीचा दर वर्षाला शेकडा 12 होता आणि सावकाराचा वर्षाला शेकडा 120. दहा पट फरक. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही येतो, पण आम्हाला बावीस महिने आला नाही, कारण कागदावर मांडलाच नव्हता.

आता महिन्याचे 6,000 मोकळे झाले. ते घरखर्चात मिसळू द्यायचे नाहीत असे ठरवले. नाहीतर 6,000 कुठे जातात ते कळतही नाही. पगाराच्या दिवशी ते बाजूला काढायचे. आधी सोनाराचे, मग नातेवाइकांचे. वर्षभरात ती दोन्ही देणी फिटली. दागिने घरी आले त्या दिवशी बायकोने ते घातले नाहीत. नुसते डब्यात ठेवून डबा दोनदा उघडून पाहिला.

पतपेढीत एक रीत आहे, नवे-जुने करायची. निम्मे कर्ज फिटले की पुन्हा नवे मोठे कर्ज काढायचे, जुने त्यात वळते करायचे, आणि वरचे पैसे हातात घ्यायचे. असे केले की माणूस निवृत्तीपर्यंत कर्जदार राहतो. आमच्या आधीच्या पिढ्या अशाच संपल्या. आम्ही नवे-जुने बंद केले. पतपेढीचे कर्ज 2021 साली फिटले. मग ती कपातही खोलीच्या कर्जाकडे वळवली. दिवाळीचे सानुग्रह अनुदान, थकबाकीचे पैसे, जे काही हाती आले ते तिकडेच. 2024 च्या डिसेंबरात बँकेने खोलीचे कागद परत दिले. आठ वर्षे लागली.

या आठ वर्षांत काही सुटले, ते लपवत नाही. भावकीतल्या लग्नांत आहेर कमी केला, बोलणी खाल्ली. मुलाला मोबाईल उशिरा मिळाला. 14 एप्रिलची वर्गणी दरवर्षी दिली, पण पूर्वी मिरवायला द्यायचो तेवढी नाही. विहाराचे दान कमी केले, बंद केले नाही. 2020 च्या साथीत सगळे घरात बसले तेव्हा आम्ही रोज रस्त्यावर होतो. दोन सोबती गेले. 2022 साली आई गेली. तिच्या औषधपाण्याला या वेळी कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

कर्ज वाईटच असते असे आमचे म्हणणे नाही. 1920 साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, तेव्हा त्यांनी नवल भथेना या मित्राकडून 5000 रुपये उसने घेतले होते. त्यातून जे उभे राहिले ते आपण सगळे खात आहोत. शिक्षणासाठी, डोक्यावरच्या छपरासाठी कर्ज काढावे लागते. पण डीजेसाठी काढलेले कर्ज आपली पुढची पिढी गहाण ठेवते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता मुलाचे. त्याने आय.टी.आय.तून वायरमनचा कोर्स केला. आज तो एका ठेकेदाराकडे लिफ्टच्या कामावर आहे. महिना 17,000 मिळतात. पालिकेतल्या कायम झाडूवाल्याचा पगार याच्यापेक्षा जास्त आहे. हे खरे आहे आणि ते आम्हाला टोचते. शिकले की सगळे चांगले होते अशी गोष्ट लिहायला आम्हालाही आवडले असते.

यंदा स्वेच्छानिवृत्तीचे ठरले, कारण छाती भरून येऊ लागली. गाडीवर कचरा भरताना दोनदा खाली बसावे लागले. डॉक्टरांनी धूळ टाळा म्हणून सांगितले. झाडूवाल्याने धूळ टाळायची म्हणजे काय करायचे? चार वर्षांचा पूर्ण पगार सोडून पेन्शनवर यायचे म्हणजे मोठे नुकसान होते. पण वडील 49 व्या वर्षी गेले होते, आणि आमचे 54 चालू होते. हिशेब केला. देणे शून्य, खोली स्वतःची, दोघांना पेन्शन पुरते. कर्ज असते तर हा हिशेबच करता आला नसता. छाती भरून येत असतानाच गाडी भरत राहिलो असतो.

अर्जाबरोबर वारसाचा प्रश्न आलाच. या वेळी आम्ही मुलाला समोर बसवले. आम्ही दोघांनीही आपापले मत सांगायचे नाही असे ठरवले होते, आणि बायकोला ते फार जड गेले. त्याला सांगितले, हा तुझा हक्क आहे. घेतलास तरी आम्हाला कमीपणा वाटणार नाही. त्याने दोन दिवस मागितले. दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन विचारले, "पप्पा, आपल्यावर आता काही देणं नाही ना?"

"नाही."

"मग मला घाई नाही. लिफ्टचं लायसन काढतोय. ते जमलं तर बघू, नाही जमलं तर दुसरं काही करीन."

वारसाचा रकाना कोरा राहिला.

ते बरोबर झाले की चूक, ते पुढची दहा वर्षे सांगतील. बायकोला अजून अधूनमधून वाटते की कायमची नोकरी हातची गेली. जे घर हा हक्क घेते त्याला आम्ही नावे ठेवत नाही. कित्येक घरांत त्याच नोकरीवर मुली शिकल्या, म्हाताऱ्यांची औषधे आली. हा हक्क कामगारांनी लढून मिळवला आहे आणि तो टिकलाच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की त्याला 'हो' म्हणायचे की 'नाही', हे मुलाने ठरवावे, सावकाराने ठरवू नये. वडिलांना 'नाही' म्हणता आले नाही, 1994 साली आम्हाला म्हणता आले नाही. आमच्या घरात 'नाही' म्हणू शकलेला हा पहिला मुलगा. आठ वर्षे आम्ही पैसे फेडले असे आम्हाला वाटत होते. खरे तर त्याच्यासाठी हा एक शब्द विकत घेत होतो.

वाचकांपैकी कुणी याच वाटेवर असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. सगळे देणे एका कागदावर लिहा आणि नवराबायकोने दोघांनी मिळून लिहा. सर्वांत जास्त व्याजाचे आधी फेडा. कार्ड, पासबुक, कोरे धनादेश कुणाकडे ठेवू नका. जामीन राहण्याआधी घरी विचारा. आणि निवृत्तीचा हिशेब करताना आपली पेन्शन कोणती ते पाहा. राज्य शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन योजना बंद झाली, पालिकांनीही आपापल्या तारखांना तोच मार्ग धरला. त्यांनी आमच्यासारखे लवकर थांबायचे ठरवले तर हिशेब वेगळा मांडावा लागेल.

आता आम्ही बदलापूरला राहतो. इथल्या विहारातली अभ्यासिका संध्याकाळी उघडायचे काम नवऱ्याने घेतले आहे. किल्ली त्याच्याकडे असते. सकाळी रस्ता झाडण्याऐवजी तो आता घर झाडतो आणि चहा करतो. चहा अजून नीट जमत नाही. बायकोने परक्या घरची धुणीभांडी 2024 मध्येच सोडली. ती म्हणते, "बाईमाणसाला निवृत्ती नसती, पण आता भांडी आपलीच हायेत."

2 ऑक्टोबर 2025 च्या विजयादशमीला आम्ही तिघे नागपूरला जाऊन आलो. दीक्षाभूमीवर स्तूपाला वंदन केले. आई असायला हवी होती. तिच्या नावावर खोटे बोललो होतो, ते एक देणे मात्र फिटायचे राहून गेले.

जयभीम.